तेरवीची साडी

माहं तोंड खराब आहे, असं सारी जठारपेठ म्हणते. म्हणू द्या. शेखर पाळण्यात होता तवा त्याचा बाप गेला. तोंड नसतं तर लोकाईनं मले कच्चं खाल्लं असतं. मी पार्बताबाई. जे आहे ते तोंडावर सांगते, मांगून बोलत नाही. म्हून ही साडीची गोष्टही मीच सांगते, कारण वलगावच्या मांडवात काय झालं ते लोक तिखटमीठ लावून सांगून राहिले, अन् त्यातले अर्धे तर तिथं नव्हतेच.

घरात आमी दोघीच. मी अन् माही सून प्रणाली. शेखर माहा एकुलता एक. मोटर वायंडिंगचं दुकान होतं त्याचं, अकोल्याच्या आसपासच्या साऱ्या खेड्याइतल्या मोटरी त्याच्याकडे येत. मांगच्या साली उन्हाळ्यात त्याले कावीळ झाली. आज बरं वाटन, उद्या बरं वाटन, असं म्हणता म्हणता गेला. लेकरूबाळ नव्हतं. लोक म्हणे, आता सून माहेरचा रस्ता धरन. मीही म्हटलं, "जाय वो बाई. माह्या तोंडापाशी राहून काय करतं?"

तर म्हणे, "आई, तुमच्या तोंडाची सवय झाली मले." अन् मशीनवरची धूळ झटकून शिवाले बसली.

तिच्या हातात गुण आहे, हे मी तिच्या तोंडावर कधी बोलली नाही, पण आहे. नवा कपडा ती शिवत नाही. जुनं आणा, सेलमधलं स्वस्त आणा, ज्याचा कंटाळा आला ते आणा, ती त्याले नवं करून देते. पातळ साडी असली का तिले जुन्या बनारसीचा काठ लावते. कुर्त्यावर भाजीचा डाग पडला का त्याच्यावर कापडाची फुलं कापून टाचते. रेक्झिनची पर्स सोलपटली का तिले ब्लाउजपीसचा अभ्रा चढवते. चपलीचे खडे पडले तर मोती चिकटवते, प्लास्टिकच्या बांगडीले रेशमाचा दोरा गुंडाळते. बाया नाक मुरडत घेऊन येतात अन् हरखून घेऊन जातात. पदराचे गोंडे बांधाचं काम माहं. उसवाचं कामही माहं. ब्लेडनं टाका न् टाका उसवते, पण कापडाले ओरखडा पडू देत नाही. बोलण्यात हे मले कधी जमलं नाही.

यंदा भाऊबीजेले तिचा भाऊ कुंदन आला. त्याइचं वलगावले वावर आहे, काळ्या मातीचं, झेंडू अन् शेवंती लावतात अन् अमरावतीच्या बाजारात नेऊन विकतात. दिवाळी सरली का झेंडूले कोणी विचारत नाही. तो एक पोतं भरून फुलं घेऊन आला होता, दाराले बांधा म्हणे. प्रणालीनं पाट मांडला, ओवाळलं. त्यानं पिशवीतून स्टीलचा एक डबा काढला, ताटापाशी ठेवला अन् मान खाली घातली.

मले राहवते का? "काहून रे कुंदन, भाऊबीजेले बहिणीले साडी देतात का डबा देतात?"

पोरगं कानापर्यंत लाल झालं. म्हणे, "मावशी, दुकानात गेलो होतो. रंगीत घ्यावं का साधी घ्यावं, काही समजलं नाही. आई म्हणे रंगीत देल्ली तर लोक बोलतीन. अन् पांढुरकी घ्याले माहा हात होईना. मंग डबाच घेतला."

"चांगला आहे डबा," प्रणाली म्हणे. "गोंड्याचे दोरे ठेवते मी यात." अन् तिनं त्याच्या तोंडात करंजी कोंबली.

मंग त्यानं पत्रिका काढली. त्याचं लगन ठरलं होतं, तुळशीचं लगन झालं का लगेच. पोरगी दर्यापूरची, रूपाली नावाची. प्रणालीचा चेहरा असा उजळला, मी दिवाळीभर तसा पायला नव्हता. ती म्हणे, "हळदीचं पहिलं पाणी मी घालन बरं. आधीच सांगून ठेवते."

आमच्यात असं आहे. नवरदेवाले हळदीच्या दिवशी पाटावर बसवतात, अन् त्याच्या डोक्यावर पहिला तांब्या बहीण घालते. ती करवली. ती पाणी घालन तवाच हळद सुरू होते. ही दोघंच भावंडं. कुंदनले चालाले प्रणालीनं शिकवलं, शाळेत नेऊन तिनं बसवलं. तिले मानपान नको होता, आहेर नको होता. भावाच्या डोक्यावर पहिलं पाणी आपल्या हातचं पडावं, एवढंच तिले पायजे होतं.

कुंदननं करंजी गिळली. म्हणे, "ताई, सुभद्राआत्या म्हणते, ज्योत्स्ना करवली होईन."

सुभद्रा म्हणजे त्याच्या बापाची बहीण. बाप नाही, घरात शब्द सुभद्राचाच चालते. ज्योत्स्ना तिची पोरगी. प्रणालीची आई दुर्गाबाई, माही ईनबाई, ती तर सुभद्रापुढं डोक्यावरचा पदरही हालू देत नाही.

"तू ये पण ताई," कुंदन म्हणे. "जरूर ये. फक्त थोडं..."

"मांगं उभी राहीन मी," प्रणाली म्हणे. "काळजी नको करू."

चहा न घेताच गेला तो. मी त्याले आवाज देऊन चार शब्द सुनावणार होती, पण प्रणालीनं माहा हात धरला. त्याची चूक नाही, म्हणे. मंग कोणाची आहे? मी विचारलं. तर तिनं फुलाइचं पोतं ओढत आत नेलं.

दुपारी पाहते तर काय, पेटी उघडी. बाई खाली बसलेली अन् मांडीवर ती साडी.

ती म्हणजे तेरवीची. आमच्यात बाई विधवा झाली का तेरवीच्या दिवशी तिच्या माहेराहून साडी येते, भाऊ आणते, अन् तिले नेसवतात. राखेच्या रंगाची सुती साडी होती ती, काठाले बारीक रुईफूल. मीच नेसवली होती तिले, माह्या ह्या हातानं. एकदा नेसली का मंग ती साडी कोणी नेसत नाही. कोणाले देत नाही, फेकत नाही, सणासुदीले तर तिची घडीही मोडत नाही. पेटीच्या तळाशी पडून राहते.

"आई," प्रणाली म्हणे, "हिचं काही करता येईन."

माहं डोक्सं फिरलं. "लाज वाटते का काही? माह्या लेकाच्या तेरवीची साडी आहे ती! लग्नाच्या मांडवात नेसून जातं? लोक जोडे मारतीन आपल्याले. ठेव पेटीत. आत्ताच्या आत्ता ठेव."

ती उठली नाही. खाली पाहतच बोलली, पण एक शब्द अडखळला नाही तिचा. "आई, साऱ्या जठारपेठेच्या साड्या मी नव्या केल्या. लोकाईच्या जुन्या पर्सा, फाटक्या चपला, साऱ्याइले हात लावला. अन् माही एक साडी आहे, तिले मले हात लावता येत नाही. कुंदननं आणली होती ही. दुकानात रडत रडत घेतली होती त्यानं, दुकानदारानं त्याले पाणी पाजलं होतं. माहेरची शेवटची साडी आहे आई ही. आता दुसरी येत नाही. पायलं ना सकाळी? डबा आला."

मी तणतणत ओट्यावर जाऊन बसली. समोरच्या बाईनं विचारलं, काय झालं वो पार्बताबाई, तर तिच्यावरच खेकसली.

माहीही एक साडी होती. शेखरचा बाप गेला तवा माह्या भावानं आणलेली. मीही पेटीच्या तळाशी ठेवली, जशी सारे ठेवतात तशी. पुढं भाऊही गेला. मंग एक दिवस त्याची आठवण आली म्हून पेटी उघडली, तर साडीले कसर लागली होती. उचलाले गेली तर हातात भुगा आला. त्या दिवशी मी कोणाजवळ काही बोलली नाही, मी, जिचं तोंड कधी बंद नसते. भावाची एवढी एक वस्तू होती. नेसाची नाही म्हून जपली, अन् जपून किड्याइले घातली.

आत गेली अन् म्हटलं, "पिवळी कर. करतंच आहे तर हळदीची कर."

प्रणालीनं माह्याकडे पायलं. ती हसली नाही. डोळे पुसले अन् उठली.

झेंडू होतंच पोतंभर. आमी दोघी बसून पाकळ्या तोडल्या. जर्मनचा मोठा गंज चुलीवर चढवला अन् पाकळ्या उकळल्या, सारं घर वलगावच्या वावरासारखं वासानं भरून गेलं. साडी तिनं सोड्यात धुतली, तिची खळ काढली. मंग म्हणे, "आई, आता तुरटी पायजे. तुरटीच्या पाण्यात आधी भिजवली नाही तर कापड रंग धरत नाही. वरवर पिवळं दिसते अन् पहिल्या पाण्यात निघून जाते. मी दुकानातून आणते." अन् चपला घालाले लागली.

तुरटी घरात होती. आरशाखालच्या फळीवर शेखरचा खडा होता. तो रोज सकाळी दाढी करे अन् मंग तो खडा ओला करून गालावरून फिरवे, गाणं गुणगुणत. वापरून वापरून एका अंगानं खोलगट झाला होता. तो गेल्यावर त्याचे कपडे दिले, चपला दिल्या, दाढीचा ब्रश फेकला. खडा कोणी उचलला नाही. मी फळी झाडली तरी त्याच्या बाजूनं झाडे. प्रणालीही तसंच करे. आमी दोघी त्याच्याबद्दल एक अक्षर कधी बोललो नाही.

ती दारात चपलेचा पट्टा लावत होती. माह्या मनात काय आलं ते मले आजही नीट सांगता येत नाही. मी फळीपाशी गेली, खडा उचलला, अन् ऊन पाण्याच्या बादलीत सोडला.

"आई!" ती ओरडलीच.

"काय आई? तुरटीच आहे ना?"

ती धावत आली, बादलीत पायलं. खडा तळाशी जाऊन बसला होता, त्याच्या कडा विरघळून राहिल्या होत्या. आता काढूनही काय उपयोग होता? मंग म्हणे, "लहान आहे आई. साडी मोठी आहे. कमी पडन. अजून एक आणू का?"

"दुसरी टाकाची नाही," मी म्हटलं. "पुरली तर पुरली, नाही पुरली तर नाही."

चूक होती का ती? होती. रंगाच्या कामात असा हट्ट कोणी करते का? पण त्याच्या खड्यात दुकानातला खडा मिसळाले माहा जीव घेईना. ती काठीनं पाणी ढवळत राहिली, अन् तिच्या डोळ्यातलं पाणी बादलीत पडत राहिलं. मी नाही रडली. मले रडू येतच नव्हतं. तेरवीलेही आलं नव्हतं, लोकाईनं तेही बोलून दाखवलं होतं.

तुरटीच्या पाण्यातून काढून साडी झेंडूच्या पाण्यात टाकली, मंद आचेवर ठेवली, मंग तशीच थंड होऊ देल्ली. धुतली तर पिवळं पाणी आलं. पुन्हा धुतली, पुन्हा आलं. प्रणाली म्हणे, "वरचा रंग निघतेच आई. आतला राहिला का नाही, ते आता सांगता येत नाही. आता हिले पाणी लावाचं नाही. एवढं लगन निघून गेलं म्हणजे झालं."

सावलीत वाळवली. राखेवर झेंडू चढला त्यानं भडक नाही झाली, दबकी पिवळी झाली, पिकल्या बेलाच्या गरासारखी. मंग तिनं लोकाईच्या साड्याइच्या उरलेल्या चिंध्या काढल्या. कोणाच्या शालूची, कोणाच्या ओढणीची, कोणाच्या ब्लाउजची. त्यातून शेवंतीची फुलं कापली अन् पदरावर एक एक टाचली. मी गोंडे बांधले. असे गोंडे मी माह्या लग्नाच्या शालूलेही बांधले नव्हते.

"काठावर पट्टी लाव," मी म्हटलं. "रुईफूल दिसून राहिलं. सुभद्राची नजर घारीची आहे, ओळखन ती."

"काठ नाही झाकत आई. काठ कुंदननं पसंत केला होता."

"अवो पण ओळखलं तर?"

"तर ओळखलं."

माह्यावरच गेली बाई, अशी काय हट्टी! दोन दिवस मी तिच्याशी धड बोलली नाही. पण काठ तसाच राहिला.

हळदीच्या सकाळी वलगावले पोचलो. अंगणात मांडव घातला होता, खांबा-खांबाले झेंडूच्या माळा. प्रणाली मांडवात आली अन् बाया तिच्याभोवती गोळा झाल्या. कुठून घेतली वो, केवढ्याले पडली, मले आणून दे एक. कोणी पदर हातात घेऊन फुलं पाहे, कोणी गोंडे. मले वाटलं, निभलं बाप्पा. दुर्गाबाई आल्या. त्याइनं लेकीचा पदर हातात घेतला, फुलावरून बोट फिरवत फिरवत काठापर्यंत आणलं, अन् तिथं बोट थांबलं. त्याइनं पदर हळूच सोडला अन् आत गेल्या. मी समजली. मायनं ओळखलं होतं.

मंग कुंदनले पाटावर बसवलं, पाटाभोवती रांगोळी. अंगात बनियन, गळ्यात नवा पांढराशुभ्र दुपट्टा. ज्योत्स्ना तांब्या घेऊन तयार. प्रणाली मांगं, पाण्याच्या टाकीपाशी उभी होती, सांगतलं होतं तशी. कुंदनची मान सारखी मांगं वळे. सुभद्रा हळदीची वाटी घ्याले टाकीपाशी आली अन् प्रणालीच्या पदराकडे पाहून थांबली.

"साडी भल्ली आहे वो. कुठची?"

"माहेरची आहे आत्या," प्रणाली म्हणे. खोटं बोलली नाही पोरगी.

"माहेरची? आमी कवा देल्ली तुले?" सुभद्रानं काठ हातात घेतला. पायलं. अन् असा झटकला, जसा पेटता इंगळ हातात आला. "अवो माय! ही तर तेरवीची साडी! शेखरच्या तेरवीची!"

डफडेवाल्याइनं हात थांबवले. आत्ता गोंडे पाहत होत्या त्या बाया मांगं सरकल्या. एकीनं तर ज्या हातानं पदर धरला होता तो हात लुगड्याले पुसला. ते मी पायलं. प्रणालीनंही पायलं.

मी उठली. आता नाही बोलली तर हे तोंड देवानं कायले देल्लं मले?

"हो," म्हटलं, "तेरवीचीच आहे. माह्या लेकाच्या तेरवीची. ज्याची तेरवी झाली त्याची माय आहे मी. मले चालते, मंग तुमच्या पोटात काहून दुखते?"

"तुमच्या घरचं तुमच्यापाशी ठेवा पार्बताबाई," सुभद्रा म्हणे. "माह्या भाच्याच्या हळदीत अवदसा नको. वरून पिवळं फासलं म्हून काय झालं? आत राखच आहे ना? पाणी पडू द्या, दिसन साऱ्याइले." अन् तिनं टाकीतून तांब्या भरला.

धुताना आलेलं ते पिवळं पाणी डोळ्यापुढं आलं. खडा लहान होता. प्रणाली म्हणत होती अजून एक आणू, अन् मी नाही म्हटलं होतं. रंग गेला तर ही पोरगी ह्या मांडवात पुन्हा कधी पाय ठेवू शकणार नव्हती, अन् ते माह्या हट्टापायी होणार होतं. लोक संकटात देवाले हाक मारतात. मी शेखरले मारली. म्हटलं, पुर बाबा. एवढं पुर.

प्रणाली मांगं सरली नाही. तिलेही माहीत नव्हतं रंग राहीन का जाईन. तिनं पदर दोन्ही हातात घेतला अन् पुढं धरला. सुभद्रानं तांब्या रिकामा केला.

पाणी पदरातून गळून राहिलं होतं. तेवढ्यात कुंदन पाटावरून उठला. हळदीचा नवरदेव पाटावरून उठत नाही, बाया ओरडल्या, त्यानं ऐकलं नाही. तो बहिणीपाशी आला, गळ्यातला पांढरा दुपट्टा काढला, तिचा ओला पदर त्याच्यात गुंडाळला अन् दोन्ही हातानं कचकचून पिळला. मंग दुपट्टा उघडून सुभद्रापुढं धरला.

दुपट्टा पांढराच होता. ओला झाला होता, बस. एक पिवळा थेंब नव्हता त्याच्यावर.

"पाय आत्या," कुंदन म्हणे. "ही साडी मी आणली होती. मले माहीत होतं कोणत्या दिवसासाठी आणून राहिलो. त्याच्यानंतर ताईले एक साडी द्याची हिंमत झाली नाही माही, भाऊबीजेले डबा नेला मी. तिनं आपली आपण रंगवली. अजून काय करावं तिनं?" तो पाटावर जाऊन बसला. "पहिलं पाणी ताई घालन. नाहीतर मले हळद नको, लगन असंच लावा."

सुभद्रा फणकारली, ज्योत्स्नाचा हात धरून मांडवाबाहेर गेली. ती आजही बोलत नाही आमच्याशी. मांगं सरकलेल्या बायाही साऱ्या पुढं आल्या नाहीत, दोघी-तिघी आल्या. मी सारं गोड झालं असं सांगणार नाही.

पण दारातून सारं पाहून राहिलेल्या दुर्गाबाई बाहेर आल्या. त्याइच्या हातात पितळीचा तांब्या होता, घासूनपुसून लखलखीत केलेला. त्याइनं तो लेकीच्या हातात देल्ला. तिचा ओला पदर सारखा करून खांद्यावर टाकला. प्रणालीनं तांब्या भरला, भावाच्या मांगं उभी राहिली, अन् पाणी घातलं. कुंदननं डोळे मिटले होते. डोक्यावरून पाणी वाहत होतं, म्हून तो रडून राहिला ते बऱ्याच जणाइले समजलं नाही.

डफडं पुन्हा वाजाले लागलं. मी मांडवाच्या कोपऱ्यात, उरलेल्या फुलाइच्या ढिगापाशी येऊन टेकली. दुर्गाबाई माह्या बाजूले येऊन बसल्या. साऱ्या जन्मात त्या माह्याशी मोकळं बोलल्या नव्हत्या, माह्या तोंडाले भेत होत्या. हळूच म्हणे, "ईनबाई, मले वाटलं गेला रंग. एवढा पक्का कायनं झाला वो?"

मले सांगाचं होतं तुरटीनं. तोंड उघडलं, पण तो शब्दच येईना.

"शेखरनं धरला," मी म्हटलं.

त्या माह्याकडे पाहत राहिल्या. मंग त्याइनं माहा हात हातात घेतला, अन् मी त्या फुलाइपाशी बसून, साऱ्या वऱ्हाड्याइच्या देखत, माह्या लेकासाठी रडली.